फिलिपिन्समधली अमेरिका : दहा दिवस, १८९८ पासून पुढे

मनिलात उतरलेला पाहुणा बहुधा इंत्रामुरोसची स्पॅनिश तटबंदी पाहतो, एखादा दिवस दुसऱ्या महायुद्धाच्या तोफांना देतो आणि मग बेटांकडे, किनाऱ्यांकडे वळतो. त्याला स्पेन दिसतो, जपान दिसतो, पण मधली वर्षं हातातून निसटतात. १८९८ ते १९४६, जपानी कब्जाची तीन वर्षं सोडली तर, हा देश अमेरिकेच्या ताब्यात होता. तो ताबा एका मोठ्या आणि अतिशय क्रूर युद्धातून आला. त्या युद्धाच्या जागा पर्यटनाच्या वाटेवर येत नाहीत, त्या शोधत जावं लागतं.

म्हणून हा मार्ग नकाशापेक्षा तारखा पाहून आखला आहे. त्यामुळे एकदा विमानाने सामार बेटाकडे जाऊन परत मनिलाला यावं लागतं, थोडी धावपळ होते. तरी हाच क्रम धरावा. थंड हवेच्या बागिओचा घाट आधी पाहिला, तर अमेरिकेने छान रस्ते बांधले एवढंच मनात राहतं. सामारमधलं बालांगिगा हे गाव बघून मग त्या घाटाने वर गेलं, की रस्ता कुणी, कशाच्या जोरावर आणि कुणाच्या जमिनीवर बांधला हे प्रश्न आपोआप पडतात.

निघण्यापूर्वी थोडं. जून २०२५ पासून भारतीय पासपोर्टवर पर्यटनासाठी १४ दिवस व्हिसा लागत नाही. परतीचं तिकीट आणि राहण्याचं बुकिंग मात्र हातात हवं, आणि ई-ट्रॅव्हल नावाचा ऑनलाइन फॉर्म विमानात बसण्याआधी भरलेला हवा. सहल मंगळवारी सुरू करावी, कारण सरकारी संग्रहालयं आणि ऐतिहासिक घरं सोमवारी बंद असतात. डिसेंबर ते मार्च हा काळ चांगला. जून ते नोव्हेंबर वादळांचा मोसम असतो आणि तेव्हा सामारचं विमान आणि बागिओचा घाट दोन्ही बेभरवशाचे. शाकाहारी माणसाने दोन शब्द पाठ करावेत, 'पातिस' आणि 'बागूंग'. पहिलं माशाचं पाणी, दुसरी आंबवलेल्या मासळीची किंवा कोळंबीची चटणी. नुसती भाजी दिसणाऱ्या 'पिनाकबेट'मध्येही बागूंग असतं. 'मांस नको' एवढं सांगून भागत नाही, ही दोन नावं घेऊन नको म्हणावं लागतं.

दिवस पहिला : काविट आणि मनिलाचा उपसागर

सकाळी सातच्या आत मनिला सोडावी आणि काविटेक्सच्या टोल रस्त्याने दक्षिणेला काविट गाठावं. उशीर केला तर वीस-पंचवीस किलोमीटरला दोन तास सहज जातात. इथे स्पेनविरुद्धच्या बंडाचे नेते एमिलिओ आगिनाल्दो यांचं घर आहे. १२ जून १८९८ रोजी याच घरातून फिलिपिन्सच्या स्वातंत्र्याची घोषणा झाली. प्रवेश फुकट. सगळे ज्या सज्जात उभं राहून फोटो काढतात तो सज्जा मात्र त्या दिवशी नव्हता. घोषणा खिडकीतून झाली, सज्जा आगिनाल्दोंनी पुढे घर वाढवताना बांधला. आत गुप्त कप्पे असलेलं फर्निचर आहे, मागच्या अंगणात त्यांची समाधी. १८९८ चा हा सेनानी १९६४ पर्यंत जगला, हे समाधीवरची तारीख वाचताना एकदम अंगावर येतं.

इथे थांबून जाहीरनामा वाचावा. आंब्रोसिओ रियान्झारेस बाउतिस्ता यांनी तो लिहिला आणि ९८ जणांनी त्यावर सह्या केल्या. त्यात एक सही अमेरिकन तोफखान्याच्या अधिकाऱ्याची आहे. शेवटाकडे झेंड्याचं वर्णन येतं. निळा, लाल आणि पांढरा हे रंग अमेरिकेच्या झेंड्याची आठवण म्हणून घेतले आहेत, त्या थोर राष्ट्राने निःस्वार्थपणे दिलेल्या संरक्षणाबद्दलची ही कृतज्ञता, असं तिथे स्पष्ट लिहिलं आहे. आगिनाल्दोंना हाँगकाँगहून अमेरिकन जहाजानेच आणलं होतं, १९ मे रोजी. सोहळ्याचं निमंत्रण अमेरिकन आरमाराचा प्रमुख कमोडोर जॉर्ज ड्यूई यालाही होतं. तो आला नाही. हे सगळं लक्षात ठेवून पुढचे दिवस काढायचे आहेत.

तिथून काविते शहराच्या टोकाकडे जावं. सँगली पॉइंटवर आजही नौदलाचा तळ आहे, आत सोडत नाहीत. पण उपसागर बाहेरूनही दिसतो आणि लढाई समजायला तेवढं पुरतं. १ मे १८९८. स्पेन आणि अमेरिका यांचं युद्ध नुकतंच सुरू झालं होतं. स्पॅनिश अॅडमिरल मोंतोहोने आधी सुबिकच्या खाडीत जाऊन लढायचं ठरवलं होतं, पण तिथे तोफा अजून बसवलेल्याच नव्हत्या. तो परत आला आणि काविते समोरच्या उथळ पाण्यात नांगर टाकून बसला. हेतू असा, की मनिला शहरावर गोळे पडू नयेत आणि जहाजं बुडाली तरी खलाशांना किनारा गाठता यावा. लढाई सुरू होण्याआधीच हरण्याची तयारी झाली होती. ड्यूईची सहा लढाऊ जहाजं, ओलिम्पिया, बाल्टिमोर, रॅले, काँकॉर्ड, बोस्टन आणि पेट्रेल, रात्रीच्या अंधारात उपसागरात शिरली आणि पहाटे ५.४० च्या सुमारास तोफा सुरू झाल्या.

७.३५ ला ड्यूईने अचानक माघार घेतली. पाच इंची तोफांना प्रत्येकी १५ च गोळे उरलेत, असा निरोप त्याला मिळाला होता. घरापासून हजारो मैल दूर, जवळचं एकही बंदर आपलं नाही, अशा जागी हा निरोप म्हणजे मरणच. खलाशांना न्याहारीसाठी थांबलोय असं सांगण्यात आलं. मोजणी झाली तेव्हा कळलं, निरोप उलटा होता : प्रत्येकी १५ गोळे उडवले गेले होते. ११ नंतर पुन्हा मारा सुरू झाला आणि दुपारपर्यंत स्पेनचं आरमार संपलं. अमेरिकेचा एकच माणूस गेला, तोही गोळीने नाही.

पण ड्यूईकडे जमिनीवर उतरवायला फौज नव्हती. शहर घेता येईना आणि सोडवेना. मनिलाला जमिनीकडून वेढा घातला तो आगिनाल्दोंच्या माणसांनी, शहराचं पाणीही त्यांनीच तोडलं. अमेरिकेची फौज पॅसिफिक ओलांडून ३० जूनपासून येऊ लागली, तोवर बाकीचं काम फिलिपिनोंनी करून ठेवलं होतं.

दिवस दुसरा : ठरवून केलेली लढाई

सकाळी मालाते भागातला सान आंतोनिओ आबाद हा छोटा किल्ला. तो आता मध्यवर्ती बँकेच्या आवारात आहे. फाटकावर ओळखपत्र देऊन विनंती करावी लागते आणि आत सोडतीलच असं नाही. पासपोर्ट जवळ असावा आणि आठवड्याच्या कामाच्या दिवशी जावं.

१३ ऑगस्ट १८९८ रोजी ड्यूईने या किल्ल्यावर तोफा डागल्या आणि अमेरिकन सैन्य किनाऱ्याने शहराकडे सरकलं. ही लढाई आधी ठरलेली होती. बेल्जियमचा वाणिज्यदूत एदुआर आंद्रे याच्या मध्यस्थीने ड्यूई, जनरल मेरिट आणि स्पॅनिश गव्हर्नर हाउदेनेस यांच्यात बोलणं झालं होतं. स्पेनची अब्रू राहील इतपत गोळीबार करायचा, मग पांढरं निशाण लावायचं. अट एक : फिलिपिनो सैन्याला तटाच्या आत येऊ द्यायचं नाही. ठरवून केलेल्या या लढाईतही माणसं मेलीच.

त्याहून विचित्र गोष्ट तारखेची. वॉशिंग्टनमध्ये तहाचा मसुदा १२ ऑगस्टच्या दुपारी सह्या होऊन पक्का झाला होता, म्हणजे मनिलाच्या घड्याळाने १३ ची पहाट. लढाई झाली तेव्हा युद्ध थांबून काही तास उलटले होते. बातमी आली नाही, कारण ड्यूईने मे महिन्यातच समुद्राखालची तार कापली होती. स्पॅनिश तार वापरू देत नाहीत, तर कुणालाच नको, हा त्याचा हिशोब. त्यामुळे प्रत्येक निरोप जहाजाने हाँगकाँगला जायचा आणि तिथून तारेने. युद्धविरामाची बातमी मनिलात १६ तारखेला पोहोचली.

दुपारी इंत्रामुरोस. दहा ते तीन तटावर सावली नाही, म्हणून आधी सान आगुस्तीन चर्चमध्ये शिरावं. १६०७ साली पूर्ण झालेलं हे चर्च १९४५ च्या विध्वंसातूनही उभं राहिलं आणि शरणागतीच्या अटी इथल्याच एका खोलीत लिहिल्या गेल्या. ऊन उतरल्यावर तटावरून चालावं आणि बाहेर खाली पाहावं. तटाच्या पायथ्याशी हिरवंगार गोल्फचं मैदान दिसतं. तो जुना खंदक आहे. साचलेल्या पाण्याने रोगराई होते म्हणून अमेरिकन प्रशासनाने तो बुजवला आणि त्यावर गोल्फ कोर्स केला. आरोग्याचं कारण खरं होतं, गोल्फही खरा होता. अमेरिकेची या देशातली पुढची सगळी कामं अशीच जोडीने येतात.

सान्तियागो किल्ला संध्याकाळपर्यंत उघडा असतो. फिलिपिनोंचे राष्ट्रनायक, लेखक होसे रिझाल यांनी ३० डिसेंबर १८९६ च्या मृत्युदंडापूर्वीचे शेवटचे दिवस इथे काढले. पुढे याच किल्ल्यात अमेरिकन सैन्याचं मुख्यालय होतं.

दिवस तिसरा : पहिली गोळी आणि मालोलोस

सान्ता मेसा ही मनिलातली साधी, दाटीवाटीची वस्ती. सोसिएगो आणि सिलेन्सिओ या दोन गल्ल्या जिथे मिळतात तिथे एक फलक आहे, एवढंच. नावांचे अर्थ 'निवांतपणा' आणि 'शांतता'. ४ फेब्रुवारी १८९९ च्या रात्री नेब्रास्काच्या पलटणीतल्या विल्यम ग्रेसन या शिपायाने इथे फिलिपिनो-अमेरिकन युद्धाची पहिली गोळी झाडली. बरीच वर्षं हा फलक सान हुआनच्या पुलावर होता. २००३ मध्ये देशाच्या इतिहास संस्थेने कागदपत्रं तपासून जागा दुरुस्त केली. जुन्या प्रवासपुस्तकांत अजून पूलच लिहिलेला असतो, त्यामुळे टॅक्सीवाल्याला पूल न सांगता गल्लीचं नाव सांगावं. गाडी आत वळवायला जागा नाही, मोठ्या रस्त्यावर उतरून चालत जाणं बरं.

तोवर काय झालं होतं? १० डिसेंबर १८९८ ला पॅरिसमध्ये तह झाला. स्पेनने फिलिपिन्स अमेरिकेला दिलं, अमेरिकेने त्याबद्दल स्पेनला दोन कोटी डॉलर दिले. पोर्तो रिको आणि ग्वामही गेले. फिलिपिनो प्रतिनिधीला त्या टेबलावर जागा नव्हती. अमेरिकन सिनेटमध्ये तहाला कडवा विरोध होता. मतदान ६ फेब्रुवारी १८९९ ला झालं, म्हणजे गोळीबारानंतर दोन दिवसांनी. ५७ विरुद्ध २७. लागणाऱ्या दोन-तृतीयांशापेक्षा फक्त एक मत जास्त.

दुपारी उत्तरेकडे मालोलोस, साधारण ४५ किलोमीटर. कुबाओहून बस मिळते. बारासोआइन चर्चमध्ये सप्टेंबर १८९८ मध्ये पहिली काँग्रेस भरली, तिथेच संविधान तयार झालं आणि २३ जानेवारी १८९९ ला प्रजासत्ताक जाहीर झालं. जुन्या दहा पेसोंच्या नोटेवर हेच चर्च होतं. लग्नांचा मोसम असेल तर आत जायला वाट पाहावी लागते, शेजारचं छोटं संग्रहालय तोवर पाहून होतं. ३१ मार्चला मालोलोस अमेरिकन सैन्याच्या हाती पडलं. म्हणजे काँग्रेस, लिहिलेलं संविधान, निवडलेला अध्यक्ष असलेलं एक प्रजासत्ताक जेमतेम दोन महिन्यांत राजधानी सोडून पळत होतं. 'हे लोक स्वराज्याला लायक नाहीत' हा अमेरिकेतला त्या वेळचा मोठा दावा होता. तो तपासून पाहायला या चर्चच्या बाकांसारखी जागा नाही.

दिवस चौथा आणि पाचवा : बालांगिगा

या प्रवासाचं कारणच ही दोन दिवसांची वाट आहे. वेळ कमी असेल तर बाकी काहीही गाळावं, पण हे गाळू नये.

मनिलाहून ताक्लोबानला सव्वा तासाचं विमान. सकाळचंच घ्यावं, दुपारनंतर पावसाने उड्डाणं लांबतात. त्या दिवशी ताक्लोबानमध्येच मुक्काम. संध्याकाळी पालोच्या किनाऱ्यावर अमेरिकन जनरल मॅकआर्थर पाण्यातून चालत येतानाचे पुतळे आहेत, २० ऑक्टोबर १९४४ च्या उतरण्याचे. ते पाहायला अर्धा तास पुरे.

पाचव्या दिवशी पहाटे गीवानच्या दिशेने जाणारी व्हॅन पकडायची. लेते आणि सामार या दोन बेटांना जोडणारा सान हुआनिको पूल दोन किलोमीटरहून लांब आहे. मे २०२५ मध्ये त्याच्या दुरुस्तीसाठी वजनाची कडक मर्यादा घातली गेली, तेव्हा मोठ्या बसेस पूल ओलांडू शकत नव्हत्या. म्हणून बसचं तिकीट काढण्याआधी ती पुलावरून जाते का, हे विचारावं. छोटी व्हॅन सोपी पडते. पुढे बासेय, माराबुत करत किनाऱ्याने सुमारे दोन तासांत बालांगिगा येतं. परतीच्या व्हॅन दुपारनंतर विरळ होतात आणि भरलेल्या येतात. तीनच्या आत रस्त्यावर उभं राहावं.

गाव लहान. चौक, नगरपालिका, सेंट लॉरेन्सचं चर्च, सगळं पाच मिनिटांच्या अंतरात. १९०१ च्या ऑगस्टमध्ये इथे अमेरिकेच्या नवव्या पायदळ पलटणीची सी कंपनी आली, ७४ माणसं. कॅप्टन टॉमस कॉनेलने गाव साफ करायचं मनावर घेतलं. पुरुषांना धरून कामाला लावलं, रात्री तंबूंमध्ये कोंबून ठेवलं. बंडखोरांना मिळू नये म्हणून तांदळाचे साठे नष्ट केले. पावसाळ्यात, पुढचं पीक हाती येण्याआधी, धान्य जाळणं म्हणजे काय, हे शेतकऱ्याच्या घरातल्या कुणालाही वेगळं सांगायला नको.

२८ सप्टेंबरच्या सकाळी सैनिक न्याहारीला बसले होते, बंदुका बहुतेकांच्या हातात नव्हत्या. गावचा पोलीसप्रमुख वालेरिआनो आबानादोर याने पहारेकऱ्याची बंदूक हिसकावली, चर्चच्या घंटा वाजल्या आणि गाव कोयत्यांनी तुटून पडलं. कॉनेल मेला, कंपनीतले ४८ जण गेले. चौकात या हल्ल्याचं शिल्प आहे आणि दर २८ सप्टेंबरला गावकरी तो प्रसंग उभा करतात.

पुढचं शिल्पात नाही. जनरल जेकब स्मिथने मेजर वॉलरला हुकूम दिला : कैदी नकोत, मारा आणि जाळा, सामारचा आतला भाग ओसाड, भकास रान करून टाका. वयाची मर्यादा विचारली तेव्हा उत्तर आलं, दहा वर्षं. मारण्याच्या वयाची मर्यादा. स्मिथवर लष्करी खटला चालला आणि शिक्षा झाली ती फक्त समज देण्याची. अध्यक्ष रुझवेल्टने मग त्याला निवृत्त केलं. वॉलर सुटला.

आता घंटा. सैनिकांनी चर्चच्या तीन घंटा विजयचिन्ह म्हणून नेल्या. दोन अमेरिकेत वायोमिंगमधल्या शायनच्या तळावर गेल्या, एक नवव्या पलटणीबरोबर फिरत अखेर दक्षिण कोरियात पोहोचली. परत मागण्याची खटपट कित्येक दशकं चालली. अमेरिकेतल्या काही माजी सैनिक संघटनांचा विरोध होता, आणि युद्धस्मारकाच्या वस्तू बाहेर देण्यावर कायद्याचे अडथळे होते. ११ डिसेंबर २०१८ ला त्या लष्करी विमानाने मनिलात आल्या आणि १५ डिसेंबरला गावाच्या हवाली झाल्या.

मनोऱ्याखाली उभं राहिलं की तीन आकार वेगळे ओळखू येतात. त्यांच्यावरची ओतीव सालं १८५३, १८८९ आणि १८९५. हल्ल्याचा इशारा सगळ्यात लहान घंटेने दिला असं मानतात, कोरियातून आली ती हीच. त्या पुन्हा वाजवल्या जातात, काचेच्या पेटीत ठेवलेल्या नाहीत, हे फार चांगलं झालं. मिस्साच्या (प्रार्थनेच्या) आधी पोहोचलं तर ऐकायला मिळतात. वर चढायचं असेल तर चर्चच्या कार्यालयात विचारावं, परस्पर जिना चढू नये.

संपूर्ण युद्धाचे आकडे इथेच मनात ठेवावेत. अमेरिकेचे ४,२०० हून अधिक सैनिक गेले, फिलिपिनो सैनिक सुमारे २०,०००, आणि हिंसा, उपासमार व रोगराई यांनी गेलेले सामान्य लोक दोन लाखांपर्यंत. रुझवेल्टने ४ जुलै १९०२ ला युद्ध संपल्याचं जाहीर केलं. दक्षिणेतल्या मोरो मुसलमानांशी लढाई त्यानंतरही अकरा वर्षं चालू राहिली.

दिवस सहावा : बर्नहॅमची मनिला

सकाळच्या विमानाने परत. आज रविवार, रस्ते मोकळे, म्हणून शहर पाहायला योग्य दिवस.

शिकागोचा नगररचनाकार डॅनियल बर्नहॅम याने १९०५ मध्ये मनिलाचा आराखडा केला. रुंद समुद्रकाठचा रस्ता, लुनेताचं मोठं मैदान, खांबांच्या सरकारी इमारती. समुद्रकाठच्या रस्त्याला ड्यूईचं नाव होतं, आता ते रोहास बुलेवार्ड आहे. टाफ्ट अॅव्हेन्यू मात्र अजून पहिला अमेरिकन नागरी गव्हर्नर टाफ्ट याचीच आहे, आणि पासिग नदीवरचा जोन्स पूल १९१६ चा स्वायत्ततेचा कायदा आणणाऱ्या काँग्रेस सदस्याच्या नावाचा. जुन्या विधिमंडळाच्या इमारतीत आता राष्ट्रीय कलासंग्रहालय आहे, फुकट. हुआन लुनाचं 'स्पोलियारियम' हे भिंतभर चित्र तिथेच आहे, पण आपल्या कामाचं म्हणजे वरचं जुनं सभागृह. नदीकाठचं पोस्ट ऑफिस मे २०२३ मध्ये आगीत जळालं.

दुपारी मनिला नॉर्थ दफनभूमी. इथे अमेरिकन शिक्षकांची एक वेगळी जागा आहे. ऑगस्ट १९०१ मध्ये 'टॉमस' या लष्करी जहाजाने पाचशेच्या वर शिक्षक आले, म्हणून त्यांना टॉमसाइट म्हणतात. तारखा जुळवून पाहाव्यात : हे शिक्षक उतरले त्याच्या महिनाभरानंतर बालांगिगा घडलं. एकाच सरकारने, एकाच वर्षी, शिक्षकही पाठवले आणि सैनिकही. शाळा मनापासून चालवल्या गेल्या आणि काही शिक्षक इथेच कॉलऱ्याने मेले. आज या देशात जो इंग्रजी बोलेल त्याच्याशी आपलं सहज जमतं, त्याचं मूळ इथे आहे. दफनभूमीत शेकडो कुटुंबं राहतात. वाट दाखवायला कुणीतरी येतंच, थोडे पेसो आधी ठरवून द्यावेत आणि त्यांच्या घरांचे फोटो काढू नयेत.

दिवस सातवा : कोरेगिडोर

कोरेगिडोर म्हणजे मनिलाच्या उपसागराच्या तोंडावरचं, अमेरिकेने तटबंद केलेलं बेट. मनिलाहून सकाळी जाऊन संध्याकाळी आणणारी फेरी २०२० मध्ये करोनात थांबली आणि नंतर तिचा पूर्वीसारखा भरवसा राहिला नाही. म्हणून आधी चौकशी करावी. पर्याय म्हणजे बाताआनमधल्या मारिवेलेसला जाऊन तिथून छोट्या बोटीने ओलांडणं. बोट ठरवताना परतीची वेळ आणि लाइफ जॅकेट दोन्ही पक्कं करावं. दुपारनंतर पाणी खवळतं.

बेटावर मालिंता बोगदा पाहण्यासारखा आहे तो त्याच्या बांधणीमुळे. १९२२ च्या वॉशिंग्टन नौदल करारात पॅसिफिकमधल्या तटबंद्या वाढवायच्या नाहीत असं अमेरिकेने मान्य केलं होतं. त्यामुळे उघडपणे पैसा मिळेना. मग बिलिबिद तुरुंगातले कैदी मजूर म्हणून आणले, मोडीत काढायचा जुना टीएनटी सुरुंगाला वापरला आणि १९३२ पर्यंत डोंगराच्या आरपार बोगदा काढला : मुख्य मार्ग २५३ मीटर, दोन्ही बाजूंना फाटे. फाट्यांत शिरू नये, बरेच ढासळलेले आहेत.

मोठ्या तोफांची दिशा लक्षात घ्यावी. बेटाची बहुतेक जड शस्त्रं समुद्रातून येणाऱ्या आरमारासाठी बसवलेली. १९४२ मध्ये जपान्यांनी मारा केला तो मागच्या बाताआनच्या डोंगरातून आणि वरून विमानांनी. वरून उघड्या असलेल्या तोफांच्या खड्ड्यांना छतच नव्हतं. बॅटरी गिअरी या तोफांच्या ठाण्यातल्या दारूगोळ्याच्या कोठारात २ मे रोजी गोळा घुसला, तेव्हा दहा टनांहून जड मॉर्टरच्या नळ्या उडून दूर पडल्या. ६ मे रोजी बेट शरण गेलं.

दिवस आठवा आणि नववा : बागिओ

पासाय किंवा कुबाओहून रात्रंदिवस बसेस आहेत, पाच ते सहा तास. बहुतेक बसेस मार्कोस हायवेने चढतात. केनन रस्ता पाहायचा तर लहान गाडी करावी आणि आदल्या दिवशी तो उघडा आहे ना हे विचारावं, कारण पावसात दरडी कोसळल्या की बंद करतात. या दरडी आजच्या नाहीत. ब्युएद नदीच्या अरुंद घळीतून रस्ता न्यायचा, असं ठरलं तेव्हा अंदाज होता ७५,००० डॉलरचा. पाण्याच्या लोंढ्यांनी पूल वाहून नेले, कडे खचले, चाळीसहून अधिक देशांचे मजूर लागले, आणि खर्च वीस लाख डॉलरच्या घरात गेला. १९०५ मध्ये कर्नल केननने रस्ता पुरा केला. हा पैसा फिलिपिन्सच्याच तिजोरीतला होता.

एवढी खटपट थंड हवेसाठी. महाबळेश्वर पाहिलेल्या माणसाला बागिओ लगेच ओळखीचं वाटतं : पाइनची झाडं, गव्हर्नरचा बंगला (इथे तो 'मॅन्शन'), कचेऱ्या उन्हाळ्यात वर हलवायची पद्धत. सेशन रोडचं नावही १९०४ मध्ये इथे भरलेल्या फिलिपिन कमिशनच्या, म्हणजे अमेरिकेने नेमलेल्या कारभारी मंडळाच्या, बैठकीवरून. 'कॅम्प जॉन हे' ही सैनिकांची विश्रांतीची छावणी. जुनी घरं, जनरल फ्रँकलिन बेलच्या नावाचं अर्धवर्तुळाकार मैदान, सकाळी लवकर गेलं तर गर्दी नसते.

नवव्या दिवशी बर्नहॅम पार्कमधल्या इबालोई बागेत जावं. इबालोई हे इथले मूळ लोक, डोंगरात गुरं राखणारे. मातेओ कारिन्यो या इबालोई गृहस्थाने १४६ हेक्टर जमिनीची नोंद मागितली. सरकारचं म्हणणं, कागद नाही तर जमीन सरकारची. खटला वॉशिंग्टनच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि २३ फेब्रुवारी १९०९ ला न्यायमूर्ती होम्सने कारिन्योच्या बाजूने निकाल दिला : आठवणीपलीकडच्या काळापासून खाजगी हक्काने कसलेली, राखलेली जमीन कधी सरकारची होतीच असं धरता येत नाही. १९९७ च्या फिलिपिन्सच्या आदिवासी हक्क कायद्याचा पाया हाच निकाल आहे. जिंकलेल्या देशाच्या कोर्टात हरलेल्या देशाचा गुराखी जिंकला, हे खरं आहे आणि अभिमानाने सांगण्यासारखं आहे. त्याच्या जमिनीवर आलेली 'कॅम्प जॉन हे'ची छावणी मात्र तिथेच राहिली.

याच डोंगरांतले इगोरोत लोक १९०४ मध्ये सेंट लुईसच्या जत्रेत नेऊन दाखवले गेले. एकूण हजाराहून अधिक फिलिपिनो तिथे मांडले होते.

दिवस दहावा : क्लार्क

उतरताना टोल रस्त्याने क्लार्कला थांबावं. १९०३ मध्ये घोडदळाची छावणी म्हणून सुरू झालेली जागा पुढे अमेरिकेचा मोठा हवाई तळ झाली. ४ जुलै १९४६ ला स्वातंत्र्य मिळालं, पण १९४७ च्या करारात तळ ९९ वर्षांसाठी अमेरिकेकडे राहिले (१९६६ मध्ये मुदत १९९१ पर्यंत आणली). अमेरिकेच्या व्यापार कायद्याने पेसो डॉलरला दोनास एक असा बांधला आणि अमेरिकनांना खाणी-जमिनीत फिलिपिनोंच्या बरोबरीचे हक्क द्यायला लावले. ते मान्य केल्याशिवाय युद्धनुकसानीची ५०० डॉलरवरची भरपाई मिळणार नव्हती. त्या वेळी मनिला जमीनदोस्त होती.

१५ जून १९९१ ला पिनातुबो ज्वालामुखी फुटला आणि तळ राखेखाली गेला. १६ सप्टेंबरला फिलिपिन्सच्या सिनेटने नवा करार १२ विरुद्ध ११ मतांनी फेटाळला. २४ नोव्हेंबर १९९२ ला सुबिकमधून शेवटचे अमेरिकन सैनिक निघाले. २०१४ च्या नव्या करारान्वये ते फिरत्या तुकड्यांनी परत येतात. आता अशा नऊ जागा आहेत.

क्लार्कचं संग्रहालय तासाभराचं. नंतर मुख्य फाटकाजवळची सैनिकांची दफनभूमी, ८,६०० च्या आसपास थडगी. पिनातुबोची राख पाऊस पडल्यावर ओल्या सिमेंटसारखी जड झाली आणि दगड अर्धे गाडले गेले. त्या वेळी तळ रिकामा झालेला, त्यामुळे दफनभूमी कुणाच्याच नावावर नव्हती. जवळ राहणारे जुने सैनिक कित्येक वर्षं स्वतःच गवत कापत राहिले. २०१३ मध्ये कायदा होऊन ती अमेरिकन स्मारक आयोगाकडे आली. फिलिपिन स्काउट, म्हणजे अमेरिकेच्या गणवेशात लढलेले फिलिपिनो, आणि त्यांचे अमेरिकन अधिकारी इथे एकाच रांगेत आहेत. दुपारी ऊन कडक असतं, टोपी आणि पाणी घेऊन जावं. क्लार्कहूनच परतीचं विमान मिळत असेल तर तेच घ्यावं, मनिलाच्या संध्याकाळच्या वाहतुकीतून सुटका होते.